ठेच, कळ आणि बधिरता

अनवाणी चालताना उंबरठ्याला पायाचा अंगठा आपटला, तर काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पण नेमके काय होते, हे फारच थोड्यांनी लक्ष देऊन पाहिलेले असते. पुढच्या वेळी ठेच लागली की (मुद्दाम लावून घेण्याची गरज नाही) जरा बारकाईने पाहा. आधी कळते, 'आपटले'. जवळजवळ त्याच क्षणी एक तीक्ष्ण कळ येते आणि पाय मागे घेतला जातो. मग एक क्षणभर शांतता असते. आता दुखणार, हे आपल्याला माहीत असते. आणि साधारण सेकंदाभराने ती दुसरी, ठणकणारी, जळजळणारी वेदना येऊन पोहोचते आणि बराच वेळ मुक्काम करते.

अंगठा एकदाच आपटला. मग वेदना दोनदा का? आणि दुसरीला एवढा उशीर का?

या प्रश्नाचे उत्तर चेतातंतूंच्या रचनेत आहे. त्याच रचनेतून आणखी एका प्रश्नाचे उत्तर मिळते. तो मला शाळेत असताना पडायला हवा होता, पण पडला नाही. त्याकडे नंतर वळू.

नस, शीर आणि चेता

आधी भाषेचा एक गोंधळ दूर करू. 'मानेची नस दबली', 'हाताची नस कापली', 'पायाची नस आखडली' ही तीन वाक्ये आपण सहज बोलतो. पहिल्यात नस म्हणजे चेता, दुसऱ्यात रक्तवाहिनी, आणि तिसऱ्यात बहुधा स्नायू. 'शीर' या शब्दाचीही तीच गत. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात चेता म्हणजे एक पोकळ नळी आणि तिच्यातून काहीतरी वाहते, असे चित्र तयार होते. चेता पोकळ नसते. ती हजारो तंतूंची जुडी असते आणि प्रत्येक तंतू हा एका पेशीचा लांबलचक हात असतो.

हा हात किती लांब असतो याची कल्पना पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून येत नाही, कारण आकृती पानावर मावावी लागते. पायाच्या अंगठ्यातील वेदना टिपणाऱ्या पेशीचे मुख्य शरीर अंगठ्यात नसतेच. ते कमरेजवळ, पाठीच्या कण्यालगतच्या एका छोट्या गाठीत असते. त्याचा व्यास समजा एक विसांश मिलीमीटर, आणि तिथून निघणारा अक्षतंतू अंगठ्यापर्यंत जवळजवळ एक मीटर. हे शरीर लिंबाएवढे मानले, तर त्याच प्रमाणात तंतूची लांबी सुमारे ८०० मीटर होईल आणि जाडी मात्र एखाद्या जाडसर दोऱ्याएवढीच राहील. दोऱ्याच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने लिंबात तयार होतात आणि तंतूच्या आतून वाहून न्यावी लागतात. ही वाहतूक जलद असते तेव्हा दिवसाला ४० सेंटीमीटरपर्यंत होते. म्हणजे कमरेत तयार झालेला माल अंगठ्याला पोहोचायला अडीच दिवस तरी हवेत. एवढ्या लांब हाताची देखभाल एकट्या पेशीला झेपणारी नाही. तिला शेजारी लागतात, आणि या लेखाचा विषय खरे तर ते शेजारीच आहेत.

१८७३

चेताऊतीचा पातळ काप साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर राखाडी गुंतवळाशिवाय काही दिसत नाही. मिलानजवळच्या एका गावातील रुग्णालयात काम करणाऱ्या कामिल्लो गॉल्जी या डॉक्टरने तिथल्या स्वयंपाकघरात प्रयोग करता करता एक रंगक्रिया शोधली. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवलेली ऊती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवली की तिच्यातील मोजक्याच पेशी काळ्याकुट्ट होतात, पण ज्या होतात त्या टोकापासून टोकापर्यंत होतात. हे त्याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर पुन्हा गुंतवळच दिसला असता. पुढे बार्सिलोनात सांतियागो रामोन इ काहाल याने १८८८ पासून हीच रीत सुधारून वापरली आणि दाखवून दिले की चेतासंस्था ही अखंड जाळी नसून सुट्या पेशींची बनलेली आहे. गॉल्जीला हे पटले नाही. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले आणि त्या समारंभातील भाषणातही गॉल्जी अखंड जाळीचीच बाजू मांडत राहिला. दोन पेशींमधली अतिसूक्ष्म फट प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

योगायोग असा, की त्याच १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन गावी गेरहार्ड आर्मौअर हान्सेन या डॉक्टरला कुष्ठरुग्णांच्या गाठींमधील द्रवात काडीसारखे जंतू दिसले. गॉल्जीची पेशी आणि हान्सेनचा जंतू यांचा काही संबंध असेल, असे त्या वर्षी कोणाला वाटले नसणार.

फटाक्यांची माळ

चेतातंतूतून संदेश जातो तो विजेच्या तारेतून वीज जावी तसा नाही. पेशीपटलाच्या बाहेर सोडियमचे आयन जास्त आणि आत पोटॅशियमचे जास्त, असा फरक पेशी खर्च करून सतत टिकवते. स्वस्थ असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. तंतूचा एखादा भाग उद्दीपित झाला की तिथली सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि तेवढ्यापुरती आतली बाजू धन होते. त्यामुळे शेजारची दारे उघडतात, मग त्यांच्या शेजारची. हाच आवेग. लवंगी फटाक्यांची माळ पेटवल्यावर एकेक फटाका पुढच्याला पेटवतो आणि शेवटचा फटाका पहिल्याइतक्याच जोराने वाजतो, तसे हे आहे. फरक इतकाच, की इथे उडालेला फटाका काही सहस्रांश सेकंदात पुन्हा तयार होतो.

या क्रियेला वेळ लागतो, हे एकेकाळी आश्चर्य होते. हर्मान हेल्महोल्ट्झ याचे गुरू योहानेस म्युलर यांना तर हा वेग मोजता येणे अशक्य वाटे. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या पायातील चेता घेऊन तो मोजला. सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. 'विचाराच्या वेगाने' वगैरे आपण म्हणतो, तो वेग मोटारगाडीइतका निघाला!

आवेगाचा वेग वाढवायचा तर एक उपाय म्हणजे तंतू जाड करणे. माकूळ या समुद्री प्राण्याने तोच केला आहे. त्याच्या शरीरात अर्धा ते एक मिलीमीटर जाडीचा अक्षतंतू असतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी आवेगाचे गणित १९५२ मध्ये मांडले ते याच तंतूवर प्रयोग करून. पण हा उपाय महाग आहे. अशा उघड्या तंतूत वेग व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग चौपट हवा तर जाडी सोळापट. अर्धा मिलीमीटर जाडीला सेकंदाला २५ मीटर वेग मिळत असेल, तर १०० मीटरसाठी आठ मिलीमीटर जाडीचा तंतू लागेल. तोही एकच संदेश वाहणारा. आपल्या दंडातून असे हजारो तंतू न्यायचे तर दंड केवढा लागेल याचे गणित विद्यार्थ्यांना जरूर घालावे.

आपल्या शरीरात १०० मीटरचा वेग देणारा तंतू मिलीमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाच असतो. हे जमते ते शेजारच्या पेशींमुळे.

श्वान पेशी

आपल्या पुस्तकांत या पेशींचे नाव 'श्वान पेशी' असे छापलेले असते आणि वर्गात खसखस पिकते. त्यांचा कुत्र्याशी संबंध नाही. पेशी सिद्धांत मांडणाऱ्या थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून ते आले आहे. पण राखणदार या अर्थाने विद्यार्थ्यांनी ते लक्षात ठेवले तर माझी हरकत नाही.

मेंदू आणि मेरुरज्जूबाहेरच्या चेतांमध्ये या पेशी अक्षतंतूच्या कडेने एकापुढे एक बसलेल्या असतात. एक पेशी तंतूच्या साधारण एक मिलीमीटर भागाची मालकीण असते. ती आपले पटल तंतूभोवती गुंडाळत जाते, अगदी गादीची वळकटी करावी तसे. दहा, वीस, कधी शंभरावर वेढे. वेढे घट्ट बसताना मधला पेशीद्रव पिळून बाहेर जातो आणि उरते पटलांची थप्पी. तिच्यात मेद भरपूर असल्याने ती विद्युतरोधक असते. हेच मायेलिन किंवा मेदावरण. ते पेशीच्या पटलाच्याच वेढ्यांचे बनते, हे बेटी गेरेन या संशोधिकेने १९५४ मध्ये कोंबडीच्या गर्भातील चेता पाहून दाखवले. त्याआधी ते पेशीतून पाझरून तंतूवर साचत असावे असा समज होता.

दोन श्वान पेशींच्या मध्ये एक सहस्रांश मिलीमीटरची उघडी जागा राहते. उसाची कांडी आणि पेरे डोळ्यांपुढे आणा. लांब कांडे झाकलेले, बारीकसे पेर उघडे. सोडियमची दारे या पेरांवर दाटीने बसवलेली असतात. त्यामुळे फटाका फक्त पेरावर उडतो, आणि त्याचा विद्युत परिणाम झाकलेल्या कांड्यातून विनासायास पुढच्या पेरापर्यंत पोहोचतो. आवेग जणू उड्या मारत जातो.

सगळ्याच तंतूंना हे आवरण मिळत नाही. सर्वात बारीक तंतूंना श्वान पेशी गुंडाळत नाही, नुसती सांभाळते. आपल्या अंगावरच्या खाचांमध्ये ती असे अनेक तंतू एकदम ठेवून घेते, काखोटीला पोरे मारावीत तशी. अशा तंतूंचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका.

आता ठेचेचा हिशोब लागतो. 'आपटले' ही स्पर्शाची बातमी जाड मेदावरणाच्या तंतूंतून सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने जाते. तीक्ष्ण कळ पातळ मेदावरणाच्या तंतूंतून दहा-वीस मीटरने. ठणका मात्र उघड्या तंतूंतून पायी येतो. कण्यापर्यंतचे एक मीटर अंतर चालायला त्याला सेकंद लागतो.

हा वेग वर्गातही अंदाजे मोजता येतो. तीस विद्यार्थ्यांना गोल बसवा आणि प्रत्येकाला पुढच्याचा खांदा धरायला सांगा. डोळे मिटलेले. खांदा दाबला गेल्याचे कळताच पुढच्याचा खांदा दाबायचा. फेरी पूर्ण व्हायला लागलेला वेळ थांबघड्याळावर घ्या. मग खांद्याऐवजी पायाचा घोटा धरून तेच करा. बातमीला आता प्रत्येक विद्यार्थ्यामागे साधारण एक मीटर जास्त जावे लागते, म्हणजे एकूण तीस मीटर. दोन वेळांतील फरकाने तीसला भागले की वेग मिळतो. फरक अर्ध्या सेकंदाच्या आसपास येईल. पहिले चार-पाच प्रयत्न सरावाचे समजून सोडून द्या, नाहीतर खांद्यापेक्षा घोटा जलद, असे चमत्कारिक उत्तर येते!

न पोळणारा हात

आता माझ्या शाळेतली गोष्ट. सातवीत आमच्या वर्गात एक मुलगा होता. शाळेत मास्तरांसाठी चहा होई तेव्हा तो चुलीवरचे पातेले फडक्याशिवाय उतरवत असे. आम्हाला त्याचे फार कौतुक वाटे. मास्तरांनाही वाटे. त्याच्या डाव्या हातावर एक फिकट चट्टा होता, तो कोणी विचारात घेतला नाही. दहावीपर्यंत त्याची करंगळी आणि शेजारचे बोट आत वळले होते. मग त्याने शाळा सोडली. का सोडली हे सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. हे १९९० नंतरचे आहे. म्हणजे औषधे तेव्हा होती.

कुष्ठरोगाचा जंतू चेतांमध्ये शिरून वस्ती करतो. इतर कोणत्याही जंतूला ते असे जमत नाही. आणि तो धरतो ती चेतापेशी नव्हे, तर श्वान पेशी. तिच्या बाह्य आवरणातील लॅमिनिन या प्रथिनाला तो चिकटतो, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. विशेषतः उघडे तंतू काखोटीला घेतलेल्या पेशी त्याला मानवतात. तिथे तो सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात, जिथे आपल्या आतड्यातील साध्या जंतूला अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटे पुरतात. म्हणूनच लागण आणि पहिले लक्षण यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही.

त्याला थंडावा लागतो, हा दुसरा मुद्दा. शरीराच्या गाभ्यातील ३७ अंश त्याला मानवत नाही, ३० ते ३३ अंश मानवते. प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर तो आजही वाढवता येत नाही. तो वाढतो उंदराच्या तळपायात आणि कमी तापमानाच्या आर्माडिलो या प्राण्यात. माणसात तो त्वचेत आणि त्वचेलगतून जाणाऱ्या चेतांमध्ये वाढतो. कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? ती चेता तिथे हाडावर, जवळजवळ उघडीच असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्यामागची आणि चेहऱ्यावरची चेताही तशीच. या रोगात बोटे वळणे, पाऊल लुळे पडणे आणि पापणी न मिटणे हेच का दिसते, याचे उत्तर तापमापकात आहे.

लक्षणांचा क्रमही रचनेवरून समजतो. त्वचेतील सर्वात बारीक तंतू आधी जातात. म्हणून चट्ट्यावर प्रथम ऊन-गार कळेनासे होते, मग हलका स्पर्श आणि वेदना. घामग्रंथींना जाणारे तंतूही उघडेच, म्हणून चट्टा कोरडा पडतो. स्नायूंचे जाड तंतू सहसा नंतर. माझ्या वर्गमित्राने पातेले उचलले तेव्हा त्याचा हात पूर्ण ताकदीचा होता. फक्त पोळल्याची बातमी निघत नव्हती.

पुष्कळसे नुकसान जंतूपेक्षा आपलीच प्रतिकारशक्ती करते. चेतेभोवती एक चिवट वेष्टन असते. आत सूज आली की ते ताणत नाही, आणि तंतू आतल्या आत आवळले जातात. अशी चेता जाड होते, कोपरामागे बोटांना दोरीसारखी लागते. हे वेळेवर, म्हणजे पहिल्या काही महिन्यांत लक्षात आले तर सूज उतरवणाऱ्या औषधांनी बरेच काही परत मिळते.

'बोटे झडतात' हा शब्दप्रयोग मात्र सोडून द्यायला हवा. बोटे झडत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या जखमांचा एकेक करून माग काढला. त्यांना आढळले की मांस आपोआप सडत नाही. भाजणे, कापणे, बुटातला खिळा, न जाणवलेली आणि म्हणून न जपलेली जखम, तिच्यात झालेला जंतुसंसर्ग, आणि मग हळूहळू झिजणारे हाड, असा हा प्रवास असतो. काही रुग्णांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते. त्यांना सोबतीला मांजरे दिली आणि तो प्रकार थांबला. ठेच लागून शहाणे व्हायचे, तर आधी ठेच कळावी लागते.

महाराष्ट्रात कुष्ठसेवेची परंपरा मोठी आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही नावे प्रत्येक शाळेत माहीत असतात. विद्यार्थी त्यावर निबंधही चांगले लिहितात. परंतु 'करुणा' आणि 'सेवा' यांबरोबर 'श्वान पेशी' हा शब्द त्या निबंधात कधी आलेला मी पाहिला नाही. चेतासंस्थेचा धडा विज्ञानात, आनंदवन मराठीत, आणि दोन्हींच्या मध्ये भिंत.

शाळेत काय दिसू शकते

तीन औषधांचा एकत्रित उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवला. तो सहा महिने किंवा वर्षभर घ्यावा लागतो, विनामूल्य मिळतो आणि रोग बरा करतो. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून लागण होण्याचा धोका संपतो. राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठले आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ 'रोग संपला' असा घेतला. तो संपलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात, आणि त्यांत मुलेही असतात.

शिक्षकाला दिसू शकतो तो फिकट किंवा लालसर, न खाजणारा, घाम न येणारा चट्टा. किंवा हातावर भाजल्याची खूण, आणि 'कधी भाजले?' याला 'माहीत नाही' हे उत्तर. प्रत्येक फिकट चट्टा कुष्ठाचा नसतो, बहुतेक नसतातच. तपासणी आरोग्य कर्मचाऱ्याने करायची, आणि ती वर्गासमोर नाही. पण ती कशी करतात हे ठाऊक असावे. तिला लागते ते आपल्या खिशात असते. व्यक्तीला डोळे मिटायला सांगून बॉलपेनचे टोक त्वचेवर अलगद टेकवतात, कातडी जेमतेम दबेल इतके. जिथे टेकवले तिथे तिने बोट ठेवायचे. आधी चांगल्या त्वचेवर, मग चट्ट्यावर. चट्ट्यावर बोट आले नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे.

घाईचे कारण पुन्हा त्याच पेशीत आहे. अक्षतंतू तुटला तरी श्वान पेशी जिवंत असतील तर त्या मायेलिन टाकून देतात, रांगेने उभ्या राहून एक बोगदा तयार करतात, आणि कण्याकडून नवा कोंब त्या बोगद्यातून वाढू लागतो. मेंदूत आणि मेरुरज्जूत हे घडत नाही, हातापायांत घडते. त्याची वाढ दिवसाला सुमारे एक मिलीमीटर. कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत अंतर ४० सेंटीमीटर धरले, तर चारशे दिवस. आणि तेही कोंब येईपर्यंत बोगदा शाबूत असेल तरच.